कोपऱ्यातला पक्का टाका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा गेला, आणि जाईपर्यंत म्हणत राहिला की आमची फिलू नाकासमोर चालणारी. मुलांना नाही. फादरांना तर नाहीच. एका बाईला सांगितलं, कारण ते तिचंच होतं, आणि तिलाही फार फार उशिरा. आता तुम्हाला सांगते. बसा जरा. मी एकदा सुरू झाले की थांबत नाही हे खरं, पण ही गोष्ट अशी आहे की मधेच थांबले तर पुन्हा तोंड उघडेल की नाही — कोण जाणे.

कुठून सुरू करू? मशीनपासून करते. मी भुईगावची शिवणारी बाई. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं बघून बघून आणि उसवून उसवून शिकले. गावातल्या किती पोरींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक माझ्या मशीनखालून गेले, आणि मग त्याच पोरींचे लग्नाचे गाऊन. मशीन पायाची. अजून आहे. सून म्हणते, मम्मी, मोटर बसवून घ्या. मी म्हणते, मग माझे पाय काय करतील?

आणि दुसरा नाद टपालाच्या तिकिटांचा. हसा, सगळेच हसतात. माझ्या नवऱ्याचे काका बोटीवर होते. ते गेल्यावर त्यांचा बिस्किटांचा एक डबा आमच्याकडे आला, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको होता. आत देशोदेशीची तिकिटं. मला त्यातली नावंही वाचता येत नव्हती. पण एक लाल तिकीट होतं — म्हणजे दोन होती, शेजारी शेजारी एकाच कागदावर छापलेली — त्यावर उगवता सूर्य आणि धान्याच्या तीन ओंब्या. सहज उलटं केलं, तर मागे नकाशा! ओढे, पायवाटा, बारीक बारीक रेघा. तिकिटाच्या पाठीवर नकाशा कोण छापतं, सांगा?

लॅटव्हिया छापतं. समुद्राकाठचा छोटासा देश. पहिलं महायुद्ध संपलं, देश नवा झाला, तिकिटं हवीत आणि छापायला कागद नाही. मग जर्मन सैन्याने मागे टाकलेले लष्करी नकाशे घेतले आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिकिटं छापली. नकाशे संपले तेव्हा रेघांचा कागद वापरला, सिगारेटचा पातळ कागद वापरला, अर्धवट छापलेल्या नोटांच्या पाठीही सोडल्या नाहीत. मी कापडाच्या कतरणींतून पोरांची टोपरी शिवणारी बाई. मला तो देश आपल्यातलाच वाटला. त्या दिवसापासून मी लॅटव्हियाची झाले.

पण नाद म्हणजे नुसतं जमवणं नाही, त्यातलं कळावं लागतं. ते मला कळवलं सुलभाताईंनी. त्या मूळच्या दादरच्या, नोकरी संपल्यावर नालासोपारा पूर्वेला, तुळिंजला, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आमचं तिकीटवाल्यांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एका रविवारी एका शाळेच्या वर्गात जमतं. तेव्हा त्यात बायका दोनच — त्या आणि मी. मी डबा घेऊन पहिल्यांदा गेले आणि तिकीट बोटांत धरलं, तर त्या म्हणाल्या, “फिलूबाय, ती काय मेथीची जुडी आहे? चिमटा घे.” चिमटा त्यांचाच दिला. तिकिटाचे दाते मोजायची पट्टीही दिली.

दाते म्हणजे तिकिटाच्या कडेला असतात ते. दोन तिकिटांच्या मधून भोकांची ओळ पाडतात, फाडलं की दोन्हीकडे दाते उरतात. दोन सेंटिमीटरांत किती भोकं, ते मोजायचं. लॅटव्हियाचं हे पहिलं लाल तिकीट दोन तऱ्हांचं — एक बिनदात्यांचं, कात्रीने कापायचं, आणि दुसरं साडेअकरा दात्यांचं. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकावर माणसं जीव टाकतात. मीही टाकला.

सुलभाताई पट्टी क्वचितच वापरायच्या. डोळे मिटून नखाची पाठ कडेवरून हलकेच फिरवायच्या आणि आकडा सांगायच्या. आमचे अध्यक्ष मोडक सर मागून पट्टी लावून बघायचे, तर तोच. मी तोंड उघडं टाकून बघत राहायची. आणि — आता खरं बोलायला बसलेय तर हेही बोलते — मला त्यांचा राग यायचा. का? त्या चांगल्या होत्या म्हणून. आणि एक वाक्य होतं त्यांचं. माझ्या संग्रहाचं पान कुणी वाखाणलं की त्या कौतुकानेच म्हणायच्या, “फिलूबायचं काय हो, शिवणकाम नीटच असणार तिचं.” सगळे हसायचे. मीही. पण ते सुईसारखं टोचायचं. म्हणजे मला तिकिटातलं कळत नाही, नुसती टापटीप कळते, असंच ना?

मग मंडळाचं प्रदर्शन ठरलं. मी ठरवलं, लॅटव्हियाच मांडायचा. पान मनात तयार होतं — डावीकडे बिनदात्यांचं लाल तिकीट, उजवीकडे दात्यांचं, खाली एकाची पाठ दाखवणारा फोटो. डावीकडचं होतं. उजवीकडचं नव्हतं. ते काही लाखमोलाचं तिकीट नाही हो, थांबले असते तर कुठूनतरी मिळालं असतं. पण प्रदर्शन तोंडावर आलं, पान अर्धं, आणि डब्यातली ती जोडी — दोन लाल बिनदात्यांची, मधे आणि कडेला चांगली रुंद जागा राखलेली.

तुम्हाला कळलं ना मी कुठे निघालेय?

दुपारची वेळ. नवरा वाडीत केळींना पाणी सोडत होता. मी मशीनवरचं झाकण काढलं. अठरा नंबरची सुई घेतली, जाड कापडाची, आणि तिचं टोक विळ्याला धार लावायच्या दगडावर घासून सपाट केलं. टोकदार सुई कागद फाडते, सपाट सुई त्यातून गोल टिकली पाडते. धागा ओवला नाही. तिकिटाच्या वर बटर पेपर, खाली बटर पेपर, म्हणजे मशीनच्या लोखंडाचे वळ कागदावर उठणार नाहीत. आणि टाक्याचा स्क्रू फिरवत फिरवत, वहीच्या कागदावर ओळी पाडत पाडत, पट्टी लावून बघत राहिले. साडेअकरा. बरोब्बर साडेअकरा! तुम्ही म्हणाल, बाई, तुला लाज नाही वाटली? नाही वाटली. मी गाणं गुणगुणत होते. जोडी मधोमध कापली आणि एका तिकिटाच्या चारी बाजूंनी पायाने हळू, अगदी हळू मशीन चालवली. बटर पेपर उचलला, भोकांवरून कडा फाडल्या आणि बघतच राहिले. काय दाते पडले होते! आजही म्हणते, तसं नाजूक काम मी लग्नाच्या गाऊनवरही केलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या पानासमोर गर्दी. मोडक सरांनी तर भिंग काढून वाहवा केली. मग सुलभाताई आल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा होता. म्हणाल्या, जरा काढून दे गं ते. मी दिलं. नाही कशी म्हणणार? त्यांनी डोळे मिटले, नख फिरवलं. एक बाजू, दुसरी बाजू. कोपऱ्यावर थांबल्या. पुन्हा मागे आल्या. पुन्हा थांबल्या. आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाल्या,

“हे दाते नाहीत. ही शिवण आहे.”

 त्या सांगत होत्या की कोपऱ्याला शेवटचं भोक लांबट आहे, जणू कुणी तिथे गाठ मारलीय. आणि मला तेव्हा, त्या क्षणी कळलं मी काय केलं ते. शिवणारी बाई ओळ संपवताना हात नुसता उचलत नाही. जागच्या जागी दोन टाके घेते, म्हणजे शिवण उसवत नाही. त्याला आम्ही पक्का टाका म्हणतो. इतक्या वर्षांची सवय! सुईत धागा नाही, कापड नाही, उसवायला काही नाही, तरी माझ्या हाताने चारही कोपऱ्यांवर पक्का टाका घेतला होता. आणि तो या बाईला नखाने कळला होता.

पण बाकीचे हसले. एक जण म्हणाला, तिकिटात शिवण? मग अस्तरही बघा, ताई. दुसरा म्हणाला, ऑपरेशननंतर नजर बसायला वेळ लागतोच. आणि मोडक सर — ते सज्जन माणूस, त्यांना न्यायाने वागायचं होतं — माझ्याकडे वळले. “फिलूबाय, आपल्यात शिवणातलं कळतं ते तुम्हाला. तुम्ही सांगाल ते आम्ही मानू. मशीनवर कागदाला असे दाते पडतील का?”

हे बघा. इथे आले मी. इथेच यायचं होतं मला इतका वेळ.

तिकीट खोटं केलं हा माझा दोष आहेच, पण तो लहान. शिवणारी बाई आहे, हात शिवशिवला, कागदावर सुई चालवली. ते त्या दिवशी हसत हसत सांगितलं असतं तर एक टोमणा खाऊन सुटले असते. मोठा दोष पुढचा. मला विचारलं गेलं — माझ्याच कामातलं, ज्यातलं त्या अख्ख्या खोलीत मला सगळ्यांत जास्त कळत होतं — आणि मी म्हणाले, “छे हो. सुई कागद फाडते. असे दाते मशीनवर कधीच पडायचे नाहीत.” आणि वर सुलभाताईंकडे बघून म्हणाले, “ताई, तुम्ही जरा डोळ्यांना आराम द्या.”

त्यांनी तिकीट परत दिलं. स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या, कुणीतरी ते बदलून ठेवलं असावं तशा. मग चष्मा सारखा करून घरी गेल्या, आणि पुन्हा मंडळात आल्या नाहीत. माझ्या पानाला पहिलं बक्षीस मिळालं.

वाईट वाटलं का? नंतर. फार नंतर. त्या दिवशी घरी येताना मी वाघोलीच्या वळणावर रिक्षातून उतरले आणि उरलेला रस्ता चालत आले, कारण मला बसवेना. इतका आनंद झाला होता! दादरची बाई हरली होती. नखाने आकडे सांगणारी हरली होती. आणि जिंकली कोण? जिचं नुसतं शिवणकाम नीट असतं ती!

मी तेव्हा रविवारी पोरांना धर्मशिक्षण शिकवत होते. दहा आज्ञा पाठ करून घ्यायचे. आठवी कोणती? खोटी साक्ष देऊ नकोस. पोरं घडाघडा म्हणायची, मी मान डोलवायची. दर नाताळाआधी, दर उपवासकाळात फादरांपुढे पापं सांगायला, कन्फेशनला गेले. जावेचा राग केला, सांगितलं. रविवारची मिस्सा चुकवली, सांगितलं. हे नाही. मनाला म्हणायची, फादरांना लॅटव्हियाचं काय कळणार? नकाशापासून समजावावं लागेल, मागे रांग आहे. अशी कारणं मला चिकार सुचायची.

सुलभाताईंची ख्यालीखुशाली मात्र कानावर येत राहिली. त्या आता अल्बम उघडत नाहीत. कुणी तिकीट दाखवायला नेलं तर म्हणतात, माझं मला भरवशाचं राहिलं नाही, दुसऱ्या कुणाला विचारा. ऐकलं की मी लगेच दुसरा विषय काढायची.

मग यंदा त्यांच्या सुनेचा मला फोन आला. आई अल्बम देऊन टाकायचे म्हणतात, खरं-खोटं ओळखता येत नाही तर जवळ ठेवून काय करू म्हणतात, तुमच्या मंडळात कुणाला हवे आहेत का? मी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवला.  मग ते तिकीट घेतलं, आणि सुई घेतली. हो, ती घासलेली सुई मी टाकली नव्हती. का नव्हती टाकली? माझा अभिमान होता तो, दुसरं काय.

नालासोपाऱ्याला बसने, पूल ओलांडून पूर्वेला, पुढे तुळिंजपर्यंत रिक्षा. सुलभाताई खिडकीजवळ खुर्चीत होत्या. थकल्या होत्या, पण अंबाडा तसाच घट्ट. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं — सुई, बटर पेपर, पक्का टाका, आणि सरांना काय म्हणाले ते. म्हटलं, तुमचं बरोबर होतं. तेव्हाही मला माहीत होतं.

रडतील वाटलं. ओरडतील वाटलं. हाकलतील असंही वाटलं. त्या म्हणाल्या, “करून दाखव.”

मी म्हटलं, काय? तर म्हणाल्या, “तुझ्या तोंडच्या शब्दावर मी आता विश्वास ठेवू होय? मशीनवर कर. सूनबाई, ते हातमशीन खाली काढ गं.”

मग काय विचारता! माळ्यावरचं हातमशीन खाली आलं, धूळ पुसली, तेल घातलं. मी सुई बसवली, बटर पेपर कापले, स्क्रू फिरवून टाका जुळवला.  एक कोरा कागद घेतला आणि दांडा फिरवला. टक टक टक टक. ओळ संपली. मी कागद फाडून त्यांच्या हातात दिला. पक्का टाका घ्यायचा नाही, असं मनाशी घोकून बसले होते बरं का.

त्यांनी डोळे मिटले. नख निघालं कडेवरून, सावकाश, पार टोकापर्यंत. थांबलं. मागे आलं. थांबलं.

“शिवण,” त्या म्हणाल्या.

घेतलाच होता! माझ्या हाताने माझं न ऐकता पुन्हा घेतलाच होता पक्का टाका! सुलभाताईंनी डोळे उघडले आणि अशा हसल्या, अशा हसल्या — सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला म्हणाल्या, “हे बघ, हे बघ, मला तेव्हा कळलं होतं. बोट बरोबर होतं माझं.” दोन-तीनदा तेच म्हणाल्या. मग अल्बम मागवले, सगळेच्या सगळे. पलंगावर पसरून दुपारभर एकेका तिकिटाच्या कडेवरून नख फिरवत बसल्या. आकडा सांगायच्या, मी पट्टी लावून बघायची. एकही चुकला नाही. एकही नाही! मी मोठ्याने “बरोबर” म्हणायची, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा वर यायचा. इतक्या वर्षांत मी कुणाला दिलेली ती सगळ्यात खरी साक्ष.

मला चहा विचारला नाही. ते सुनेच्या लक्षात आलं, तिने आणला. मी तो बाहेरच्या खोलीत प्यायले.

पुढच्या रविवारी सुलभाताई मंडळात आल्या. नातवाच्या स्कूटरवर मागे बसून, पदर खोचून. जुनी माणसं उठून उभी राहिली. मोडक सरांनी स्वतः खुर्ची दिली, आणि बोलता बोलता आपलं नवं तिकीट पुढे केलं. लॅटव्हियाचंच, नकाशावरचं, साडेअकरा दात्यांचं. सुलभाताईंनी नख फिरवलं.

“सर, तीन बाजू खऱ्या. ही चौथी नंतर पाडलेली.”

सर म्हणाले, “ताई, पण नजर—”

“नजर नाही हो सर. नख.”

भिंगं निघाली, पट्ट्या निघाल्या, एकाने मोबाइलवर मोठं करून बघितलं. चौथी बाजू खोटीच निघाली. यात माझा हात नव्हता, उगाच माझ्याकडे बघू नका. मग काय, रांगच लागली हो! जो तो आपला अल्बम घेऊन त्यांच्या टेबलाशी. ज्याने अस्तर बघायला सांगितलं होतं, तोही रांगेत. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. मला पहिलं बक्षीस मिळालं त्या दिवशीही माझी छाती इतकी भरून आली नव्हती. त्या जिंकत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर, एकेक तिकीट करत जिंकत होत्या.

घरी निघताना मी त्यांना म्हटलं, मी आत्ता उठून सगळ्यांसमोर सांगते. त्या म्हणाल्या, “तोंडी नको. तोंडी तू तेव्हाही बोलली होतीस. लिही. आणि मंडळाच्या अंकात छापायला दे.”

म्हणून हे लिहिलं. मोडक सर, तुम्ही वाचत असालच. त्या दिवशी तुम्ही न्यायानेच विचारलं होतं. उत्तर खोटं होतं. मशीनवर असे दाते पडतात. मी पाडले होते.

छापायला देण्याआधी कागद घेऊन तुळिंजला गेले. सुलभाताईंनी सगळं वाचलं. नकाशांचं वाचताना मान हलवली, दात्यांचं वाचताना एका ठिकाणी पेन्सिलने शब्द सुधारला. मी सरांना खोटं बोलले त्या जागी एक वाक्य लिहिलं होतं — ‘तेव्हा मी फार घाबरले होते.’ तिथे त्या थांबल्या. पेन्सिल माझ्या हातात दिली.

“हे काढ,” म्हणाल्या. “घाबरली नव्हतीस तू. मी बघत होते. तू हसत होतीस.”

ते वाक्य मी काढलं आहे. मी हसत होते.